ताशी एकशे अठरा

४ मार्च, मंगळवार

सकाळी पोस्टमनने रजिस्टर पत्र दिलं. वाहतूक विभागाचं. आमची गाडी १८ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून सदतीस मिनिटांनी बायपासवर ताशी एकशे अठरा किलोमीटर वेगाने धावत होती म्हणे. तिथली मर्यादा साठ. सोबत गाडीच्या पाठीमागचा फोटो, नंबर अगदी स्वच्छ.

मी दोनदा वाचलं आणि हसले. मला गाडी चालवता येत नाही आणि तिसरं कोणी तिला हात लावत नाही, म्हणजे आरोपी आमचे हे. सिग्नल हिरवा झाला की तो खरंच हिरवा आहे ना याची आधी खात्री करून घेणारे. सायकलवाल्यांना "जा तुम्ही पुढे" म्हणून हात दाखवणारे. गल्लीत आमच्या गाडीला सगळे रोडरोलर म्हणतात. नाव मीच पाडलेलं आहे.

पत्राच्या पाठीमागे शिक्षा छापल्या आहेत. मर्यादेपेक्षा थोडं जास्त असेल तर नुसता दंड, घरबसल्या भरा. चाळीसने जास्त असेल तर कोर्टात हजेरी, दंड, सहा महिने परवाना जमा आणि वर दोन दिवसांचा वर्ग, शाळकरी पोरांसारखा. मर्यादेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर परवाना कायमचा रद्द, आणि पासष्टीनंतर नवा मिळत नाही. साठाची दुप्पट एकशे वीस. हे एकोणसत्तर वर्षांचे आहेत. म्हणजे त्या मशीनने आम्हाला दोन किलोमीटरची भीक घातलेली आहे.

ह्यांना पत्र दाखवलं. बराच वेळ फोटोच बघत बसले.

"अगं, दंड भरू आणि मोकळे होऊ."

"न केलेल्या गुन्ह्याचा?"

"पण तू ऐक तरी..."

"ऐकायचं काय त्यात? मशीन बिघडलंय. उघड आहे."

पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. ह्यांना जगातली कुठलीच गोष्ट भांडण्याच्या लायकीची वाटत नाही. म्हणून मला दोघांच्या वाटचं भांडावं लागतं.

बत्तीस वर्षं मी वजनमापांची निरीक्षक होते. बिघडलेला काटा मला दहा पावलांवरून ओळखू येतो.

६ मार्च, गुरुवार

वाहतूक कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चार, रांग दाराबाहेर. रांगेत तासभर जे ऐकलं त्यावरून माणसाच्या बुद्धीबद्दल उरलीसुरली आशाही सोडली. माझ्यापुढे तीन अंगठ्या घातलेले एक गृहस्थ होते. "सगळेच त्या वेगाने जात होते हो, मी एकटा हळू गेलो असतो तर अपघातच झाला असता." म्हणजे यांनी लोकांचे प्राण वाचवले, आता यांचा सत्कारच करायला हवा. त्यांच्यापुढच्या बाईंनी पोटदुखीचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणलं होतं. दुकानदारही असेच असायचे. काटा हलका निघाला की "आजच बिघडला हो, बाई." रोज आजच.

खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, मशीन खोटं बोलत नाही."

"तुमची आजी घरी असेल. आणि मशीन कधी खोटं बोलतं ते शोधण्यातच माझी सगळी नोकरी गेली. या वेगमापकाचं पडताळणी प्रमाणपत्र दाखवा."

"असलं काही कोणी मागत नाही इथे."

"मी मागतेय."

त्याने आतल्या साहेबाकडे बघितलं. साहेबाने छताकडे बघितलं. मी अर्ज लिहून आणलाच होता. पोच घेतली, तिच्यावर तारीख आहे ना ते तपासलं आणि निघाले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला सांगितलं तर पोटभर हसली. "बाबा? आपले बाबा? आई, काहीतरीच!"

"हसू नकोस. परवान्याचा प्रश्न आहे."

"दे ना त्यांना."

हे फोन घेऊन गच्चीवर गेले. एरवी दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणणारा माणूस वीस मिनिटांनी खाली आला. कान लाल झालेले.

"काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही. हवापाणी."

९ मार्च, रविवार

पुरावा गोळा करतेय. आज ह्यांना घेऊन बायपासवर गेले. मांडीवर वही, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. ह्यांना बजावलं, नेहमी चालवता तसंच चालवा, नाटक नको. बाराव्या दगडापासून तेराव्यापर्यंत एक मिनिट छत्तीस सेकंद. ताशी साडेसदतीस. परत येताना त्याहून कमी. एकूण सहा नोंदी घेतल्या, चाळीसच्या वर एकही नाही. तक्ता करून ठेवला.

चौदाव्या दगडापुढे उताराला लागल्यावर हे म्हणाले, "इथून पुढे बघ कसा मोकळा होतो रस्ता." आवाज जरा वेगळा वाटला. घसा बसला असावा. ह्यांचा उजवा पाय सारखा हलत होता, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारायला हवं.

घरी येऊन या दैनंदिनीतलं १८ फेब्रुवारीचं पान काढलं. त्या दिवशी हे गावाच्या दुसऱ्या टोकाला माझा चष्मा आणायला गेले होते. मी लिहिलंय: "हे आज चक्क सांगितलेल्या वेळेच्या आधी आले. केस पिंजारलेले. काच खाली करून गाडी चालवू नका म्हणून किती वेळा सांगायचं? जेवताना दोनदा वाढून घेतलं. दुपारी झोपले नाहीत, काहीतरी गुणगुणत बागेत फिरत होते." यात उपयोगाचं काहीच नाही. वेळेआधी आले एवढं आहे, पण ते आपल्या बाजूने लागू पडतं का हे वकिलाला विचारावं लागेल.

१९ मार्च, बुधवार

प्रमाणपत्राची नक्कल आली. उघडली आणि खुर्चीतून उठले. पडताळणीची मुदत ३० जानेवारीला संपलेली! १८ फेब्रुवारीला त्या मशीनवर चालू शिक्का नव्हता. एकोणीस दिवस बिनशिक्क्याचं मशीन रस्त्यावर उभं करून लोकांना पत्रं पाठवत होते. आणि वर "आजी, मशीन खोटं बोलत नाही."

तडक वकिलाकडे गेले. वकील म्हणजे शेजारच्या बाईंचा जावई. मुलगा बरा आहे, फक्त टेबलावर फाइलींपेक्षा बिस्किटांचे पुडे जास्त.

"काकू, कमाल केलीत! हे पहिल्याच तारखेला उडेल. काकांना तोंडही उघडायला नको."

"ते तसंही उघडत नाहीत."

"फक्त एक. आधी एकदा बोलून घेऊ का त्यांच्याशी? म्हणजे... खरंच तेवढा वेग होता का वगैरे."

मी त्याला तक्ता दाखवला. तो म्हणाला, "बरं बरं."

मला कायद्याच्या पळवाटा आवडत नाहीत. पण शिक्का ही पळवाट नव्हे. नोकरीला लागले त्या वर्षी एका भाजीवालीचा तराजू जप्त केला होता. वजन तंतोतंत होतं, ग्रॅमचाही फरक नाही. शिक्क्याची मुदत संपून आठ दिवस झाले होते. बाई रडली, आजूबाजूचे मध्ये पडले, कोणी म्हणालं, बाई तुम्हाला काळीज नाही. मी पंचनामा पुरा केला. माप बरोबर आहे एवढं पुरत नाही. ते बरोबर असल्याचं कोणीतरी तपासून सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर ज्याच्या हातात काटा तोच राजा.

त्याच मुद्द्यावर आणखी एक अर्ज ठोकला. या मशीनची प्रयोगशाळेत फेरतपासणी व्हावी आणि अहवालाची एक प्रत मला मिळावी. वकील म्हणाला, "काकू, एवढं कशाला? आपलं काम झालंय."

"मी कामं अर्धी टाकत नाही."

१९ एप्रिल, शनिवार

परवा तारीख आहे. ह्यांचा कोट धुऊन आणला. आठवडाभरात हे तीनदा म्हणाले, "मला तुझ्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, कोर्टात गप्प उभं राहायचं, वकील बोलेल, एवढं एकच लक्षात ठेवा, बाकीचं नंतर बोलू. आज तर समोरच्या दुकानातही माझ्या मागोमाग आले. दुकानदार विचारत होता काय झालं त्या केसचं. मी म्हटलं, अहो, यांच्याकडून एकशे अठरा? यांच्याकडून अठरा झाले तरी मी पेढे वाटीन. सगळे हसले. हे पिशवी घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

२१ एप्रिल, सोमवार

चहाही न करता लिहायला बसलेय.

कोर्टाची खोली लहान, पंखे आवाज करणारे. न्यायाधीश आमच्या मुलीच्या वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, कोणावर डोळे न वटारता कामं उरकत होत्या. मला पसंत पडल्या. आमच्या आधी त्या अंगठ्यावाल्या गृहस्थांची केस निघाली. त्यांनी "सगळेच तसे जात होते" म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवलंय. आज तुमची पाळी." सहा महिने.

मग ह्यांचं नाव पुकारलं. वकील प्रमाणपत्राची नक्कल हातात घेऊन उठला. बाईंनी रिवाजाप्रमाणे ह्यांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल आहे," हे म्हणाले.

वकिलाच्या हातातला कागद खाली पडला. मी उभी राहिले, शिपायाने मला बसवलं.

बाई वकिलाकडे बघून म्हणाल्या, "तुमचा तर आक्षेप आहे ना यंत्राबद्दल?" मग ह्यांना म्हणाल्या, "आजोबा, यंत्राच्या पडताळणीची मुदत संपलेली होती, असा तुमच्या वतीने अर्ज आहे. त्याचा तुम्हाला फायदा मिळू शकतो. समजतंय ना?"

"समजतंय, मॅडम. पण आकडा बरोबर आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघत होतो."

"कुठे?"

"काट्याकडे."

"रस्ता सोडून?"

"अधूनमधून रस्त्याकडेही."

मागच्या बाकांवर हशा झाला. बाईंनी वर बघितलं आणि तो थांबला. "घाई होती का? घरी कोणी आजारी वगैरे?"

माझ्या मनात आलं, हो म्हणा, काहीही म्हणा. हे म्हणाले, "नाही. रस्ता मोकळा होता."

दंड, सहा महिने परवाना जमा, दोन दिवसांचा वर्ग. बाई म्हणाल्या, "आणखी दोन किलोमीटर असते तर परवाना कायमचा गेला असता, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नसतं." हे म्हणाले, "बरोबर आहे." आणि पाकिटातून परवाना काढून कारकुनासमोर ठेवला.

बसने घरी आलो. ह्यांना खिडकीची जागा मिळाली. रस्ताभर बाहेर बघत होते. मी एक शब्द बोलले नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आज बोलले.

"दोन महिने मी खेटे घातले."

"हो."

"तुम्ही निर्दोष सुटला असतात."

"हो ना."

"मग? डोकं ठिकाणावर होतं का तुमचं?"

हे पेपर घडी करून ठेवत म्हणाले, "तू सगळ्यांना सांगत होतीस, ह्यांच्याकडून हे होणंच शक्य नाही. खिडकीतल्या माणसाला, वकिलाला, पोरीला, दुकानदाराला. तक्ता काढून दाखवलास."

"तुमच्याच बाजूने सांगत होते!"

"तेच तर."

याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही.

"आणि मध्ये कोणी आलं असतं तर? लहान मूल आलं असतं तर?"

"मेलं असतं," हे म्हणाले. शांतपणे नाही, पण स्पष्ट. "ते डोक्यातून जात नाही माझ्या. मी केलं ते वाईट केलं. पण ते मी केलंच नाही, असं कोर्टाने शिक्का मारून लिहून द्यायचं, हे मला सोसेना. तो आकडा माझा आहे."

आकडा कोणाचा नसतो, आकडा काट्याचा असतो, असं मी म्हटलं. एवढं शिकलेल्या माणसाला, चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला, हे समजावून सांगावं लागतं.

"किती वेळा केलंत असं?"

"एकदाच."

"किती वेळ?"

"दोनेक मिनिटं असतील."

"आणि मग अक्कल आली?"

"मग पुढे बस आली."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. पुरुषाचं वय वाढतं, एवढंच. मुलीला फोन केला तर ती म्हणते, "आई, मला त्यांनी गच्चीवरून त्याच दिवशी सांगितलं होतं. तू त्यांना बोलूच देत नव्हतीस." मी म्हटलं, माझ्या तोंडाला कोणी टाळं लावलं नव्हतं, तसं त्यांच्याही लावलं नव्हतं. फोन ठेवून दिला.

११ मे, रविवार

ह्यांचा दोन दिवसांचा वर्ग संपला. काल रागावलेले आले, कारण शिकवणाऱ्याने फळ्यावर काढलेल्या गाडीला चाकं चुकीच्या जागी होती. आज मात्र काही न बोलता चहा तसाच ठेवला आणि फाटकाबाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेने पावलं मोजत चालले होते.

मी बाहेर गेले. "हे काय चाललंय?"

"एकशे अठराला ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते ते सांगितलं आज. एकशे दहा मीटर. डोळ्यांनी बघितल्यापासून पाय दाबेपर्यंतचे धरून."

"आणि ते तुम्ही पावलांनी मोजताय? तुमचं पाऊल म्हणजे काय मीटर आहे?"

आत जाऊन टेप आणली. जुनी, सरकारी, तीस मीटरची, अजून तंतोतंत. हे एक टोक धरून फाटकाशी उभे राहिले, मी दुसरं घेऊन चालत गेले. खडूने खूण, मग पुढे. आमचं घर, वकिलाच्या सासूबाईंचं घर, शिंप्याचं दुकान, पाण्याची टाकी. चौथ्या वेळी वीस मीटरच उरले होते. ते बालवाडीचं फाटक ओलांडून पलीकडे संपले.

हे खडूच्या त्या रेघेशी उभे राहिले आणि मागे वळून आमच्या फाटकाकडे बघू लागले. इथून ते फार लहान दिसतं.

"आता कळलं?" मी म्हटलं.

"कळलं होतं तेव्हाही. दिसलं नव्हतं."

हे रेघेपासून हलेनात, म्हणून टेप मीच गुंडाळली.

२९ मे, गुरुवार

प्रयोगशाळेचा अहवाल आला. माझ्याच जुन्या खात्याचा. मी विसरलेच होते की अर्ज केलाय. खोटं कशाला लिहू, विसरले नव्हते. उत्तराची वाट बघणं सोडलं होतं, एवढंच.

मशीन सदोष आहे. मी म्हणत होते तसंच. फक्त उलट्या बाजूने. शंभराचा वेग असेल तर ते शहाण्णव दाखवतं, दर शंभराला चारने कमी.

मी कागद घेतला आणि गणित केलं. मग पुन्हा केलं. मग दुसऱ्या रीतीने केलं. एकशे अठरा दाखवत असेल तर खरा वेग एकशे बावीस पूर्णांक नऊ.

एकशे वीसच्या वर. परवाना कायमचा रद्द.

प्रती दोनच आहेत. एक वाहतूक विभागाला, त्यांनी मशीन दुरुस्तीला पाठवल्याचं खाली लिहिलंय. बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नाही. दुसरी माझ्या टेबलावर. वकिलाला फोन करून, नाव न घेता, एक उदाहरण म्हणून विचारलं. तो म्हणाला, "निकाल लागला की कोणी परत बघत नाही, काकू. पण कोणी स्वतःहून कोर्टाला पत्र लिहिलं, तर केस पुन्हा उघडू शकते." मग जरा थांबून म्हणाला, "पण असं पत्र लिहिणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही." आणि मग विचारलं, "काका बरे आहेत ना?"

ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला ह्यांना परवाना परत मिळायचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ह्यांनी तिथे काही लिहिलेलं नाही, पण पान उलटून बघतात ते मला दिसतं. रोज सकाळी गाडी पुसतात. उभ्या गाडीवर धूळ ती किती बसणार?

पत्राचा मसुदा लिहिला. चार ओळी. सही करायची राहिली.

३० मे, शुक्रवार

सकाळी अहवाल पुन्हा वाचला, या वेळी निरीक्षकाच्या नजरेने. काल घाईत वाचला होता. काम अत्यंत गचाळ आहे. तपासणी घेतली आहे साठला, नव्वदला आणि एकशे दहाला. त्याच्या वर एकही नोंद नाही! म्हणजे एकशे दहाच्या पुढे मशीन किती चुकतं हे यांना माहीतच नाही. मी काढलेला एकशे बावीस पूर्णांक नऊ हा नुसता अंदाज झाला, आणि अंदाजावर मी आयुष्यात कोणाचा पंचनामा केलेला नाही. तपासनिसाची सही वाचता येत नाही. तारीख खाडाखोड करून लिहिलेली. माझ्या हाताखाली असता तर त्याला हा कागद तोंडावर परत केला असता. शिवाय खटला एकशे अठराचा होता, तो चालला आणि संपला. कोर्टाला उगीच तसदी द्यायची नाही.

मसुदा फाडला. अहवाल फाडला नाही, तो सरकारी कागद आहे. कपाटात ठेवला.

नव्या तपासनिसाच्या कामाबद्दल खात्याला मात्र कडक पत्र लिहिणार आहे. पुढच्या आठवड्यात. किंवा त्याच्या पुढच्या.

संध्याकाळी हे बागेत नळी घेऊन झाडांना पाणी घालत होते. मी दारात उभी राहिले. ह्यांना हे सांगायचं काहीच कारण नव्हतं. सांगून फायदा तर नव्हताच. पण ज्याचं माप त्याला बरोबर कळलं पाहिजे, निदान एवढं तरी मी आजवर पाळलेलं आहे.

"ते मशीन कमी दाखवत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"वेग. एकशे अठरा नव्हता. एकशे तेवीस होता."

बावीस पूर्णांक नऊ. पण बागेत उभं राहून दशांश कुठे सांगायचा?

ह्यांनी नळ बंद केला. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. आनंद म्हणावा तर डोळे रस्त्याकडे, बालवाडीच्या फाटकाच्या दिशेला. वाईट वाटलं म्हणावं तर पाठ इतकी ताठ मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"कोर्टाला कळवायचं?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"तू म्हणतेस, नाही?"

"मीच म्हणतेय. एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

ह्यांनी नळी गुंडाळून ठेवली. मग ओले हात शर्टाला पुसले आणि म्हणाले, "किती म्हणालीस? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आणि याच्यापुढे सांगणार नाही, हेही सांगितलं.